बाईकचा टायर कसा निवडावा? पावसात पकड पण हवी आणि टायर टिकला पण पाहिजे

आज मोबाईल नाही, ॲप नाही. आज टायरबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, टायरमध्ये कसली आलीय टेक्नॉलॉजी? मलाही २०२२ च्या जुलैपर्यंत असंच वाटत होतं.

त्या जुलैत आईला घेऊन नांदेडहून नायगावला येत होतो. वडिलांची जुनी शंभर सीसीची गाडी, वेग चाळीस-पंचेचाळीस, पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. कृष्णूर ओलांडल्यावर एका ठिकाणी शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर काळ्या मातीचे दोन पट्टे ओढून ठेवले होते. समोर कुत्रं आलं, मी मागचा ब्रेक दाबला आणि मागचं चाक एखाद्यानं ढकलावं तसं बाजूला गेलं. मला खरचटलं. आईचं मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर.

गाडी घरी आणल्यावर प्रत्येकजण टायरकडं बघून एकच म्हणायचा. पंक्चरवाला मामा तर वाकून अंगठा फिरवून म्हणाला, "टायर तर नवाच हाय की रे, जाळी पूर्ण हाय. कशानं घसरला?" खरंच, दोन वर्षांपूर्वीच बसवला होता. खाचा खोल होत्या. मग घसरला कशानं?

उत्तर टायरवरच लिहिलेलं होतं. मी कधी वाचलं नव्हतं, एवढंच.

टायरवरचे चार आकडे

टायरच्या बाजूला "डीओटी" या तीन अक्षरांपासून एक लांब कोड सुरू होतो. त्याच्या शेवटी, बहुतेक वेळा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. माझ्या टायरवर होतं २२१६. म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा, जूनची सुरुवात. मी तो विकत घेतला २०२० मध्ये. म्हणजे माझ्या गाडीला लागायच्या आधी तो चार वर्षं कुठंतरी पडून होता, आणि आम्ही पडलो तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती. दुकानदाराचं नाव घेत नाही. त्यानं फसवलं असंही म्हणवत नाही. मी विचारलंच नव्हतं.

हा कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. साखळीच्या बाजूला आला तर वाकून दिसत नाही. मोबाईलचा फ्लॅश लावा, हात आत घाला, फोटो काढा आणि झूम करून वाचा. हे काम दुकानात, टायर रिमवर चढायच्या आधी करा. नंतर वाद घालून उपयोग नाही. वर्षभराच्या आतला मिळाला तर उत्तम. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर मी सरळ परत ठेवतो, कितीही सूट असू दे.

पण तारखेनं काय बिघडतं? टायर काय दूध आहे नासायला?

गरम भाकरी आणि शिळी भाकरी

जवळपास तसंच आहे. फक्त दुधाऐवजी भाकरी घ्या. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी मऊ असते, ताटात जशी ठेवाल तसा आकार घेते. तीच सकाळची भाकरी संध्याकाळी कडक होते, ठेवली की ताटाच्या काठावर तशीच उभी राहते. रबराचंही असंच. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर हळूहळू कडक होत जातं. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी. खाचा तशाच राहतात, रबर मात्र शिळं होतं.

आता पकड कशी तयार होते ते बघा. रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक, ते रस्त्याला अक्षरशः चिकटतं. दोन, डांबरातल्या खडीची टोकं रबरात रुततात, रबर त्यांच्याभोवती बसतं. कोरड्या रस्त्यावर दोन्ही चालू असतात. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि चिकटणं जवळजवळ संपतं. उरतं ते रुतणं. आणि रुतायला रबर मऊ लागतं. म्हणून कडक टायर उन्हाळाभर काही त्रास देत नाही, आणि पहिल्या भुरभुरीत दगा देतो. आमचं नेमकं हेच झालं.

पहिल्या भुरभुरीत जास्त, कारण रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि घासलेलं रबर थोड्या पाण्यात मिसळून साबणासारखं होतं. चांगला धो-धो पाऊस झाला की ते वाहून जातं आणि रस्ता उलट थोडा बरा होतो.

मग मऊ टायरच का घेत नाही सगळे?

इथं खरी अडचण आहे. मऊ रबर रस्त्याला जास्त धरतं म्हणून जास्त झिजतं. कडक रबर जास्त किलोमीटर जातं पण ओल्यात सुटतं. आणि तिसरी भानगड पेट्रोलची. ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारं रबर दाबलं गेलं की ऊर्जा खातं, पूर्ण परत देत नाही. उड्या मारणारा चेंडू आणि धप्पकन पडून राहणारा चेंडू यातला दुसरा. ही खाल्लेली ऊर्जा म्हणजेच तुमचं पेट्रोल. टायर बनवणारे या तिघांना त्रिकोण म्हणतात: पकड, टिकाऊपणा आणि चाक सहज फिरणं. एक कोपरा ओढला की दुसरा आत जातो.

टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळं. हीच काजळी रबराला मजबूत करते. १९९२ मध्ये मिशेलिननं कारच्या टायरमध्ये काजळीच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका वापरून टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे वाळूचाच भाऊबंद, पण अतिशय बारीक. त्यातली गंमत अशी की चाक नुसतं फिरत असताना हे रबर कमी ऊर्जा खातं, आणि घसरायला लागून खडीवरून भराभर घासलं जाताना जास्त खातं. म्हणजे पेट्रोल वाचतं आणि पकडही मिळते. आता बाईकच्या बऱ्याच टायरांतही सिलिका असते. जाहिरातीत तो शब्द दिसला तर तो नुसता मसाला नाही, त्याला अर्थ आहे. फक्त किती टक्के घातली ते कोणी लिहीत नाही.

दुसरा उपाय म्हणजे एकाच टायरला मध्ये कडक आणि कडेला मऊ रबर. सरळ चालताना मधला पट्टा झिजतो, वळणावर कडा लागतात. पण हे आपल्याला कितपत कामाचं? आमच्या नायगाव-नांदेड रस्त्यावर वळणं किती आहेत ते मोजा. आमचं घसरणं हे सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना होतं, म्हणजे मधल्या कडक पट्ट्यावरच. घाटात राहणाऱ्यानं डबल कंपाउंडला जास्त पैसे द्यावेत. मी देणार नाही.

दुकानात नावावरूनही अंदाज येतो. सिएटचंच बघा, एका टायरचं नाव 'मायलेझ' आणि दुसऱ्याचं 'ग्रिप'. एकाच कंपनीनं दोन नावं ठेवली याचा अर्थ समजून घ्या. (सिएटचा बाईक टायरचा कारखाना आपल्याच राज्यात आहे, नागपूरजवळ बुटीबोरीला.)

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कार आणि ट्रकच्या टायरांसाठी सरकारनं २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी बंधनकारक केली, एआयएस-१४२ नावाची. नव्या डिझाइनला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जुन्यांना १ एप्रिल २०२३ पासून. बाईकचे टायर त्यात नाहीत. ज्या वाहनाला दोनच चाकं आहेत आणि चाक घसरलं की माणूस थेट रस्त्यावर पडतो, त्याच वाहनाला ही कसोटी नाही! युरोपात टायरवर पकडीचं लेबल लागतं, तिथंही मोटारसायकल वगळलेली. म्हणजे आपल्याला आपली अक्कलच वापरायची आहे.

ऑनलाइन रिव्ह्यूवर मी या बाबतीत फार भरवसा ठेवत नाही. टायर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेला "सुपर ग्रिप ब्रो" काय कामाचा? एक पावसाळा आणि दहा हजार किलोमीटर झाल्यावर लिहिलेला रिव्ह्यू शोधा. फार थोडे सापडतात, पण तेच वाचण्यासारखे.

खिशातलं एटीएम कार्ड काढा

जरा हिशोब करू. गाडी आणि दोन माणसं मिळून २४० किलो धरा. त्यातले १५० किलो मागच्या चाकावर. मागं ३६ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो. १५० भागिले अडीच, म्हणजे रस्त्याला टेकलेलं रबर फक्त ६० चौरस सेंटिमीटर. पुढं ९० किलो आणि २५ पीएसआय धरले तर ५० च्या आसपास. एटीएम कार्ड असतं साधारण ४६ चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे पुढचं चाक रस्त्याला कार्डाएवढ्या जागेत धरून असतं, मागचं त्याहून थोडं जास्त.

ती जागा ओल्यात कमी पडते म्हणजे काय? कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ आणि ओल्यावर ०.५ धरला, तर ५० च्या वेगावरून थांबायला आधी सुमारे १२ मीटर लागायचे ते २० लागतात. चिखलाच्या थरावर ०.३ धरला तर ३३. आणि ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंत गेलेला एक सेकंद म्हणजे १४ मीटर, तो वेगळा.

कार्ड खिशात ठेवू नका अजून. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. दुचाकीच्या टायरच्या खाचा किमान किती खोल असाव्यात याचा नियम आहे ०.८ मिलिमीटर. म्हणजे कायद्याची मर्यादा एका कार्डाएवढी. टायरच्या कडेला बाणाची खूण किंवा "टीडब्ल्यूआय" असं लिहिलेलं असतं. तिथून सरळ रेषेत खाचेत बघा, रबराचा छोटा उंचवटा दिसेल. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की तो संपला.

पण एका कार्डापर्यंत थांबायचं का? उन्हाळ्यात थांबा हवं तर. पावसाळ्यासाठी माझा नियम तीन कार्डांचा आहे, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. काडेपेटीची काडी खाचेत घाला, नखानं खूण करा, तीन कार्डं एकावर एक ठेवून ताडून बघा. रानातून पाणी बाहेर काढायला आपण चर काढतो. चर उथळ झाली की पाणी बांधावरून वाहतं. खाचेचंही काम तेच. म्हणून टायर बदलायचा महिना जून. दिवाळीत बदललेला टायर नवेपणाचे महिने कोरड्यात घालवतो.

पण याचा अर्थ जाळी जितकी जास्त तितका पावसाचा टायर, असा नाही. जिथं खाच आहे तिथं रबर नाही! सध्या पोरं हौसेनं गुटक्याचे, बटनवाले टायर बसवतात. ते रानात, मातीत चांगले. ओल्या डांबरावर त्यांचं कार्ड अजून लहान होतं, आणि गुटके वाकतात म्हणून लवकर झिजतातही. तसंच रुंद टायरचं. कंपनीनं दिलेल्या रिमवर दोन साइज जाड टायर चढवला की तो आवळला जातो, टोकदार होतो. दिसतो भारी, टेकतो कमी.

काळ्या मातीबद्दल मात्र खरं सांगतो. आपली ही माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, पाणी प्याली की फुगते आणि चिकटते. खाचा भरल्या की पाच हजारांचा टायर आणि पाचशेचा टायर सारखाच. त्या पट्ट्यावर कोणताही टायर वाचवत नाही. तिथं आधीच वेग कमी, ब्रेक नाही आणि गाडी सरळ.

हवा कमी ठेवावी का पावसात?

नाही. हा सल्ला मला निदान चार जणांनी दिला आहे, आणि मी तो पाळलाही होता. पडलो तेव्हा मागं अठरा पीएसआय असेल नसेल. नासाच्या लोकांनी १९६३ मध्ये विमानाच्या चाकांसाठी एक सूत्र मांडलं होतं: साचलेल्या पाण्यावर चाक कोणत्या वेगाला तरंगायला लागतं ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. २८ पीएसआयला तो वेग येतो ताशी ८८ किलोमीटर, १८ ला ७० च्या आसपास. बाईकचा टायर गोल आणि अरुंद असल्यानं पाणी कापतो, त्यामुळं आपल्या गाडीचा आकडा याहून वर जाईल. म्हणजे पन्नासच्या वेगानं जाणारी बाईक पाण्यावर तरंगून पडत नाही, ती त्या पातळ थरावर घसरते. पण दिशा लक्षात घ्या: हवा कमी झाली की गोष्ट बिघडतेच. शिवाय टायर गरम होतो, कडा झिजतात आणि किलोमीटर जातात.

गाडीवर, चेनकव्हरवर किंवा स्विंग आर्मवर स्टिकर असतो, त्यातला आकडा पाळा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना पुढं साधारण २५, मागं एकट्याला २८ आणि मागं माणूस बसला तर त्याहून बरीच जास्त हवा सांगितलेली असते. हवा टायर थंड असताना बघा, आणि आठवड्याला एकदा बघा.

आता खरेदी

साइज वाचायला शिका. नव्या स्प्लेंडरला ८०/१००-१८ असतो: ८० मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंची. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असं इंचात असतं. पुढं ५४पी असं काही असेल तर ५४ म्हणजे एका टायरला २१२ किलो भार चालतो, पी म्हणजे ताशी १५० चा वेग. भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी घेऊ नका. आपल्याकडं बाईकवर माणसं, गॅसची टाकी, कधी खताची गोणी, सगळंच येतं. आयएसआयची खूण आणि आयएस १५६२७ बघा. खालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो. एवढं एक काम मोबाईलचं.

आणि मुख्य निर्णय. धाकटा भाऊ आता त्याच गाडीनं रोज नांदेडला जातो, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. त्याच्यासाठी मी असा हिशोब केला. समजा टिकाऊ टायर १८०० चा आणि २५ हजार किलोमीटर चालतो: किलोमीटरला सात पैसे. मऊ टायर २२०० चा आणि १८ हजारच चालतो: बारा पैसे. फरक पाच पैशांचा. दिवसाला पाच रुपये.

तरीही मी दोन्ही मऊ घेतले नाहीत. कारण असं: ब्रेक मारला की वजन पुढं येतं, थांबवायचं जास्त काम पुढचं चाक करतं. पुढचं सुटलं की सावरायला वेळच मिळत नाही. मागचं सुटलं तर निदान कधीकधी सावरता येतं. पण झिजतो मागचा, कारण साखळीचं ओढणं आणि डबलसीटचं वजन त्याच्यावर. पुढचा सावकाश झिजतो. म्हणून मऊ, चांगल्या पकडीचा टायर पुढं घेतला. तो तिथंही बराच टिकतो. मागं टिकाऊ घेतला, पण ताजा, आणि तीन कार्डांवर आला की जूनमध्ये काढायचा या अटीवर. दोन्ही नायलॉनचे, बायस प्रकारचे. एक रेडियल आणि एक बायस असं मिश्रण करू नका, गाडी विचित्र वागते.

हा हिशोब तेव्हाच खरा ठरतो जेव्हा तुम्ही पुढचा ब्रेक वापरता. आपल्याकडं "पुढचा दाबू नको, पालथा पडशील" हे शिकवूनच गाडी हातात देतात. मीही तसाच शिकलो, म्हणून त्या दिवशी मागचाच दाबला आणि चाक जाम झालं. टायर शिळा होता, हवा कमी होती, रस्त्यावर चिखल होता, पण पाय माझाच होता. एप्रिल २०१९ पासून सव्वाशेपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस बंधनकारक झालं, त्यात मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतो. सव्वाशेच्या वर एबीएस. त्याआधीची गाडी असेल तर रिकाम्या जागेत दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायची सवय करा.

बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना बघा. मामानं मागचा उलटा चढवला होता. मी बोललो तर म्हणाला, "आता काय बघूलालास त्यात, गोलच हाय की." पण काढून सरळ केला. आणि नव्या टायरवर साच्यातून निघतानाचा गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, वळणावर झुकणं नाही.

हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मग दोन दिवस मी एसटीनं जातो, तू घासून दे. म्हणून दोन दिवस मी नायगाव ते नरसी, नरसी ते देगलूर असा फिरत बसलो. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, देगलूरला जाऊलालासच तर मला पण ने, मावशीकडं सोड. मी तिला थांबायला सांगितलं. अजून चाळीस किलोमीटर राहिले होते.